फुगडीचा अर्ज

दूरचित्रवाणीवरील एका संगीत-कार्यक्रमाने फुगडीची स्पर्धा घ्यावी, असे पत्र गावच्या भगिनींच्या आग्रहावरून मी लिहावयास बसलो आणि पहिल्याच वाक्याशी लेखणी अडली. फुगडी हे नृत्य म्हणावे की गाणे? येथे नाचणारीच गाते, वाद्य नाही. वेग वाढला की शब्द गळून पडतात आणि तोंडाने काढलेला ‘फू’ हाच ताल होतो.

डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेले, म्हणजे सक्तीच्या धर्मांतरांचा भर ओसरल्यावर. म्हणून तर चवथीची फुगडी आणि पौषातील धालोचे मांड आमच्याकडे उरले.

कार्यक्रमवाल्यांचे उत्तर सौजन्याचे होते. मात्र गाणे ध्वनिमुद्रित असावे आणि सर्वजणींचे मुख कॅमेऱ्याकडे असावे! गोल फिरणारीने तोंड एकाच दिशेस ठेवावे कसे? (धालो सुचविला नाही हे बरे, त्यात समोरासमोर दोन रांगा, एकीची पाठ दिसायचीच.) पत्र वाचून दाखविले तेव्हा एक वृद्धा एवढेच म्हणाली, की श्वास आमचा नसेल तर आम्ही कशाला जावे?

मी पुन्हा लिहिले आहे: गळा नाचणारीचाच राहील, कॅमेरा वर्तुळाच्या मध्यभागी ठेवावा. उत्तर यावयाचे आहे. सायंकाळी शाळेच्या पडवीत सराव चालतो.