आळस नव्हे, आजार!

धडधाकट दिसणारा माणूस कामात मंदावला, सांगितलेले विसरू लागला, की त्याला कामचुकार ठरवायला आपल्याला वेळ लागत नाही. सून असेल तर 'हिचे घरात लक्षच नाही' आणि यंत्रमागावरचा कामगार असेल तर 'हा मुद्दाम करतो', असे बोलून आपण मोकळे होतो. पण वाचकहो, ही मंदगती मज्जासंस्थेच्या एका आजारामुळेही आलेली असू शकते. त्याचे नाव 'मल्टिपल स्क्लेरोसिस'. डॉक्टर मंडळी थोडक्यात 'एम. एस.' म्हणतात.

विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे आवरण असते, तसे मज्जातंतूंवर चरबीयुक्त आवरण असते. रोगप्रतिकारशक्तीचे काम जंतूंशी लढण्याचे. या आजारात मात्र तीच शक्ती मेंदू, मज्जारज्जू व डोळ्यांच्या नसांवरील हे आवरण शत्रू समजून कुरतडते. राखणदारानेच घर फोडावे, तसा हा प्रकार! आवरण गेले की मेंदूचे संदेश रेंगाळतात किंवा वाटेतच अडतात. म्हणजे येथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती भरकटलेली असते. म्हणूनच 'शक्ती वाढवणारी' चूर्णे व टॉनिके घेऊन हा आजार बरा होत नाही.

आजार बहुधा वीस ते चाळीस या वयात, म्हणजे ऐन कमावत्या व संसाराच्या वयात सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून अधिक आढळतो. एका डोळ्याला अंधुक दिसणे व डोळा दुखणे, हातापायांना बधिरपणा, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, अतोनात थकवा ही त्याची लक्षणे. बहुतेकांना सुरुवातीला त्याचे झटके येतात. काही दिवस वा आठवडे त्रास होतो आणि पुढे तो आपोआप ओसरतो. नेमका येथेच घात होतो. मधल्या काळात गंडादोरा बांधला असेल, तर श्रेय गंड्याला जाते आणि डॉक्टर मागे पडतो. पुढचा झटका येईपर्यंत मोलाची वर्षे निघून गेलेली असतात.

बुद्धीवरील परिणामाचे काय? १८६८ मध्ये पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. रुग्णांची स्मरणशक्ती मंदावते, हेही त्यांनी नोंदवले होते. तरीही पुढे कित्येक वर्षे सारे लक्ष हातापायांवरच राहिले. १९९१ मध्ये अमेरिकेतील डॉ. स्टीफन राव व सहकाऱ्यांनी शंभर रुग्णांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ४३ टक्क्यांत स्मरण, एकाग्रता व विचारांचा वेग यांत उणीव आढळली. शारीरिक अपंगत्व सारखेच असले, तरी अशी उणीव असणाऱ्यांची नोकरी टिकण्याचे प्रमाण कमी होते.

हे तपासण्यासाठी एक साधी चाचणी आहे. प्रत्येक चिन्हासाठी एक अंक ठरवून दिलेला असतो. चिन्हे पाहून ९० सेकंदांत किती अंक बरोबर सांगता येतात, ते मोजायचे. रुग्णाला बहुधा उत्तर कळत असते, पण ते द्यायला वेळ लागतो. कारकुनीत आकडे जुळवणाऱ्या माणसाला या विलंबाची किंमत समजेल.

पूर्वी हा गोऱ्या लोकांचाच आजार समजला जाई. पण मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो लाखामागे वीसहून अधिक जणांना आहे. पुढे एम. आर. आय. तपासणी आली आणि इतर समाजांतील रुग्णही ओळखू येऊ लागले. २०२२ मध्ये अमेरिकेतील एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींवरून दिसले, की 'एप्स्टाइन-बार' विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. हा विषाणू बहुतेक सर्वांनाच कधी ना कधी गाठतो, आजार मात्र फार थोड्यांना होतो. एम. एस. स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाचे ताट वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

आजार मुळासकट बरा करणारे औषध अजून नाही. पण १९९३ पासून भरकटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे निघाली आहेत. त्यांनी झटके कमी होतात. ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगासारखा जंतुसंसर्ग नाही ना, हे डॉक्टर तपासतात. घरच्यांनीही करण्यासारखे बरेच आहे. एका वेळी एकच काम सांगावे, निरोप लिहून द्यावा, डोक्याचे काम सकाळी उरकू द्यावे. धूम्रपान बंद करावे व झेपेल तेवढा व्यायाम करावा. उष्म्याने त्रास तात्पुरता वाढतो. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अशा रुग्णाला भर दुपारी बाहेर पाठवू नये.

१९९५ च्या अपंग कायद्यात या आजाराचा नावानिशी उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो आहे. या कायद्यानुसार सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आले, तर त्या कारणाने त्याला काढता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. यंत्रमागावरच्या किंवा विडी वळणाऱ्या कामगाराला मात्र हे संरक्षण नाही. म्हणून निदान झाल्यावर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यात हयगय करू नये. ४० टक्के वा अधिक अपंगत्व ठरल्यास पुष्कळ सवलतींची दारे उघडतात. रुग्णांना आधार देणारी 'मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९८५ पासून कार्यरत असून पुण्यातही तिची शाखा आहे.

मुंग्या येणारा वा विसरणारा प्रत्येक जण एम. एस.चा रुग्ण नसतो. मधुमेह, 'बी-१२'ची कमतरता, अपुरी झोप, मनावरचा ताण अशी कितीतरी कारणे असतात. पण कारण शोधायला हवे. बंधू-भगिनींनो, घरातले तरुण माणूस बदललेले दिसले, तर आधी सिव्हिल हॉस्पिटलचा केसपेपर काढा. त्याला आळशी म्हणण्याची घाई करू नका.