बेटावरचे धनेश मोजायचे कसे?

परभणीहून जिंतूरकडे निघालात, की कापूस-सोयाबीनच्या शेतांतून मधूनच एखादी झुडपी टेकडी डोकं वर काढते. चहूकडे शेती आणि मध्ये थोडंसं रान. अभ्यासक अशा रानालाही बेटच म्हणतात. बेट जितकं लहान आणि दूर, तितक्या त्यावर जीवजाती कमी, असं मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ साली मांडलं. पण जी असतात, ती कधीकधी जगात दुसरीकडे कुठेच नसतात.

अंदमानच्या समुद्रातलं नारकोंडम बेट हे त्याचं उत्तम उदाहरण. ज्वालामुखीतून उभं राहिलेलं, सुमारे ७ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावच्या शिवाराएवढं! नारकोंडम धनेश हा पक्षी फक्त इथेच राहतो. अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांची पद्धतशीर नोंद करणाऱ्यांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली अग्रणी होते. पुढे रवी शंकरन यांनीही या बेटांवर मोठं काम केलं.

आता मोजायचं कसं? दाट जंगलात दिसले तेवढे पक्षी मोजून भागत नाही. पहाटे आखलेल्या सरळ वाटेनं सावकाश चालायचं आणि प्रत्येक पक्षी वाटेपासून किती अंतरावर दिसला, ते टिपायचं. समजा, पहिल्या दहा मीटरच्या पट्ट्यात दहा पक्षी दिसले आणि त्यापुढच्या तेवढ्याच पट्ट्यात चारच. जंगल तर दोन्हीकडे सारखंच. म्हणजे तिथले सहाएक पानांआड राहिले असणार. न दिसलेल्यांचा हिशेब लावणं, हीच या विद्येची खरी गंमत.

धनेशाची आणखी एक अडचण आहे. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि फटीतून नर तिला फळं भरवतो. तांबूस मानेचा नर दिसतो, काळ्या मानेची मादी दिसतच नाही. त्या महिन्यांत शिरगणती केली, तर निम्मा संसार हिशेबाबाहेर! म्हणून आकड्यासोबत महिनाही लिहावा लागतो. तो नसलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

बेटावरच्या पोलीस चौकीसाठी आणलेल्या शेळ्या तिथे मोकाट वाढल्या आणि झाडांची रोपं खाऊ लागल्या. रोपंच वाढली नाहीत, तर उद्या ढोलीची झाडं कुठून येणार? त्या शेळ्या पुढे हटवाव्या लागल्या.

या मोजणीचं काम दिल्लीतही पडलं. तटरक्षक दलाला बेटावर रडार उभारायचं होतं. पक्षी एवढ्याशा बेटापुरता आणि संख्येनं थोडा, हे पाहून पर्यावरण मंत्रालयानं २०१२ साली नकार दिला. २०१४ साली मात्र त्याच रडारला परवानगी मिळाली.