‘पण तो बाहेर कसा आला?’

मत्तय, मार्क, लूक आणि योहान. येशूच्या पुनरुत्थानाची हकिकत चौघांनीही लिहिली, पण तो कबरीतून बाहेर येतानाचा क्षण एकानेही लिहिलेला नाही. स्त्रिया कबरीपाशी पोचतात तेव्हा कबर रिकामी झालेली असते. आत काय घडलं, कसं घडलं, याबद्दल एक ओळ नाही. कॅथलिक चर्चने १९९२ मध्ये जाहीर केलेल्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथातही हे मोकळेपणाने मान्य केलं आहे: पुनरुत्थान प्रत्यक्ष घडताना पाहणारा कोणीही नव्हता.

आणि सहा वर्षांचं मूल नेमकं तेच विचारतं. वसईच्या एखाद्या धर्मग्रामात, वांद्र्याच्या किंवा मडगावच्या रविवारच्या वर्गात, मिस्सेनंतर बाकांवर बसलेली मुलं गोष्ट ऐकत असतात आणि एक हात वर होतो: “पण तो बाहेर कसा आला?” शिकवणारी ताई क्षणभर थांबते आणि पुस्तकातलं चित्र पुढे करते. पांढरा झगा, हातात झेंडा, मागे प्रकाशाचे झोत, पायाशी शिपाई. ही कल्पना पश्चिम युरोपच्या चित्रकलेतून आली. इटलीतल्या सानसेपोल्क्रो गावात पिएरो देला फ्रांचेस्का या चित्रकाराने पंधराव्या शतकात भिंतीवर काढलेलं असं चित्र जगप्रसिद्ध आहे: ख्रिस्त कबरीच्या काठावर पाय ठेवून उभा आणि खाली पहारेकरी गाढ झोपेत. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने मात्र वेगळा मार्ग धरला. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात ख्रिस्त मृतांच्या लोकात उतरतो आणि आदाम-एवेला हाताला धरून वर काढतो.

चित्र दाखवायला हरकत नाही. पण त्याआधी मुलाला खरं उत्तर द्यावं, असं मला ठामपणे वाटतं: “ते कोणीच पाहिलं नाही. देवाने ते केलं. लोकांनी पाहिलं ते त्यानंतरचं.” लहान मुलाला अज्ञाताची भीती मोठ्यांइतकी नसते. त्याचं सगळं जगच अजून अर्धं अज्ञात असतं. उलट आपण पदरचे तपशील भरून सिनेमा उभा केला, तर तेच मूल बाराव्या वर्षी बायबल उघडून ते तपशील शोधतं, सापडत नाहीत, आणि मग खरं सांगितलेल्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास डळमळतो.

पाहिलेलं सांगायचं ठरवलं तर सांगण्यासारखं इतकं आहे की वर्ष पुरणार नाही. सुरुवात कबरीपासूनच करावी लागते. आपल्याकडच्या मुलाने पाहिलेली कबर म्हणजे चर्चच्या आवारातला जमिनीतला खड्डा, वर माती आणि क्रूस. त्याला ‘धोंड लोटली’ हे समजतच नाही. येशूच्या काळच्या यरुशलेमात खडकात गुहा कोरून आत तागाच्या कापडात गुंडाळलेला देह ठेवत आणि तोंडाशी मोठा दगड लावत. येशूला ठेवलं शुक्रवारी संध्याकाळी. सूर्यास्ताबरोबर शब्बाथ सुरू झाला, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस. सुगंधी द्रव्यं लावायचं काम राहून गेलं. ते पुरं करायला रविवारी पहाटे स्त्रिया निघाल्या. त्यांच्या मनात चमत्काराची अपेक्षा नव्हती, राहिलेलं काम होतं. मुलांना हे फार नीट कळतं.

मग बोटांवर मोजणारं एखादं हुशार मूल हिशेब मांडतं: शुक्रवार दुपार ते रविवार पहाट, हे तीन दिवस कसे? तेव्हाच्या मोजणीत सुरुवातीचा आणि शेवटचा अपुरा दिवसही पूर्ण दिवस धरत. मराठी घरात हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्या शेजारच्या हिंदू घरांतही मृत्यूचा दिवस पहिला धरूनच तिसरा आणि दहावा मोजतात.

यानंतर योहानाच्या विसाव्या अध्यायातली मग्दालिया मरिया येते, आणि माझ्या मते लहान मुलांना पुनरुत्थान सांगायला याहून चांगली जागा संपूर्ण बायबलमध्ये नाही. ती रडते आहे. समोर येशू उभा आहे आणि तिला तो माळी वाटतो. देह कुठे नेऊन ठेवलास ते सांग, मी घेऊन जाते, असं ती त्याला म्हणते. मग तो तिचं नाव घेतो. फक्त नाव. आणि ती ओळखते. गर्दीत हरवलेल्या आणि आईची हाक ऐकलेल्या मुलाला याचं स्पष्टीकरण लागत नाही. त्या काळच्या यहुदी समाजात न्यायासनासमोर स्त्रियांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. तरी पहिली साक्ष स्त्रियांचीच आहे, हेही मुलींना आणि मुलांना सांगावं.

पुढचे प्रसंगही तितकेच हाताला लागण्यासारखे आहेत. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य अनोळखी सोबत्याशी कोसन्‌कोस बोलतात आणि त्याने भाकर मोडली तेव्हा त्याला ओळखतात. बंद खोलीत शिष्यांना वाटतं भूत आलं. तेव्हा तो हातपाय दाखवतो, काही खायला आहे का विचारतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. तिबेरियाच्या सरोवरावर रात्रभर जाळी रिकामी राहते, पहाटे भरते, मासे मोजले जातात, १५३. किनाऱ्यावर विस्तव पेटलेला, त्यावर मासे, भाकर, आणि येशू म्हणतो, या, जेवा. वसई, अर्नाळा किंवा उत्तनच्या कोळी घरातलं मूल ही गोष्ट आपल्या बंदरावर उभं राहून ऐकतं. योहानाने एक बारीक दुवाही ठेवला आहे. पेत्राने येशूला नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत होता, आणि इथेही कोळशाचाच विस्तव आहे. हे मोठ्या मुलांसाठी राखून ठेवावं.

या सगळ्या गोष्टींतून मुलाच्या मनात व्याख्येशिवाय दोन गोष्टी बसतात. तो तोच आहे, कारण जखमा त्याच आहेत. आणि तो पूर्वीसारखा नाही, कारण जवळची माणसंही त्याला चटकन ओळखत नाहीत, बंद दारं त्याला अडवत नाहीत. इथे लाजराची गोष्ट वेगळी ठेवावी लागते. लाजराला येशूने उठवलं, पण तो परतला तो आपल्या जुन्याच आयुष्यात, आणि पुढे कधीतरी पुन्हा मरणारच होता. येशू पुन्हा मरत नाही. त्याचप्रमाणे शाळेतल्या मित्राकडून ऐकलेला पुनर्जन्म मूल घरी घेऊन येतं: “म्हणजे येशू परत जन्माला आला?” मित्राच्या घरच्या श्रद्धेला नावं न ठेवता शांतपणे सांगता येतं, की आपण मानतो ते निराळं आहे. दुसरा जन्म नाही, दुसरं शरीर नाही. तोच येशू, खिळ्यांच्या खुणांसकट.

गोष्ट आधी की प्रश्नोत्तरं आधी, हा वाद आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांहून जुना आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले तेव्हा घंटा वाजवत रस्त्यांतून फिरत, मुलं गोळा करत आणि विश्वासाची सूत्रं चालीवर म्हणून घेत. पुढे इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक कोकणीतली ‘दौत्रिना क्रिस्तां’, त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राशोलला छापलेली. मुलांना शिकवण्यासाठी संवादाच्या रूपात, म्हणजे प्रश्न आणि उत्तर. दुसरं १६१६ चं ‘क्रिस्तपुराण’, मराठी ओवीतलं, ख्रिस्ताची सारी कथा सांगणारं. त्याची गोडी आजही अभ्यासक वाखाणतात आणि किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या गायलं. एकाच माणसाला दोन्हींची गरज वाटली, यातच बरंच काही आलं. माझा आग्रह एवढाच, की सात वर्षांपर्यंत कथा पुढे असावी आणि प्रश्नोत्तरं मागून यावीत. आपल्या वर्गांत अजून बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं. मुलाला ‘पुनरुत्थान म्हणजे काय?’ याचं उत्तर पाठ असतं, पण मग्दालिया मरिया कोण ते माहीत नसतं.

कथा सांगायची कशी, याचा विसाव्या शतकातला सर्वांत कसून केलेला प्रयोग रोममध्ये झाला. सोफिया काव्हाल्लेत्ती या हिब्रू आणि बायबलच्या अभ्यासक. १९५४ मध्ये त्यांनी माँटेसरी शिक्षिका जान्ना गोब्बी यांच्यासोबत लहान मुलांसाठी एक खोली उघडली. त्यांच्या पद्धतीला पुढे ‘उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण’ हे नाव मिळालं आणि ती अनेक देशांत पसरली. खोलीत कबरीची छोटी प्रतिकृती असते, तोंडाशी सरकणारा दगड, लाकडी स्त्रिया, देवदूत. शिकवणारी बाई आधी थोडक्यात सांगते, मग मेणबत्ती लावून शुभवर्तमानातला उतारा वाचते, जसाच्या तसा, आणि वाचता वाचता बाहुल्या हलवते. नंतर ती बाजूला होते. मूल हवं तेव्हा ते साहित्य काढतं, दगड लोटतं, पुन्हा लावतं, पुन्हा लोटतं. परीक्षा नाही, ‘यातून काय शिकलो?’ हा प्रश्नही नाही. पुठ्ठ्याचा खोका, माती आणि नदीकाठचा एक गोटा एवढ्यावर हे आपल्या कुठल्याही धर्मग्रामात करता येईल. खर्च नाही. लागतो तो शिकवणाऱ्याचा संयम, आणि तोंड बंद ठेवणं हेच त्यात सर्वांत अवघड.

ईस्टरच्या आसपास वर्गात फुलपाखरं फार दिसतात, कागदाची, रंगवलेली. कोशातून फुलपाखरू बाहेर येतं तसा येशू आला, असं सांगितलं जातं. मला हा दाखला पटत नाही. सुरवंट मरत नाही, येशू मेला होता. मृत्यूच गाळला तर पुनरुत्थानाला अर्थ उरत नाही. बीजाचा दाखला बरा, कारण तो खुद्द येशूने योहानाच्या बाराव्या अध्यायात दिला आणि पौलाने करिंथकरांना लिहिताना पुन्हा वापरला. उपवासकाळात मुलांनी डब्यात वाल पेरावेत, उगवताना पाहावेत, छानच. फक्त एक जोडावं: बी दरवर्षी आपोआप उगवतं, येशूचं उठणं आपोआप झालं नाही, ते पित्याने केलं. अंड्यांचं मात्र काही ओझं वाटून घेऊ नये. जुन्या काळी उपवासात अंडी वर्ज्य होती, सणाला ती पुन्हा ताटात येत, म्हणून आनंद. मार्झिपानचं अंडं मुलाने खुशाल खावं.

शुक्रवार किती सांगायचा, हा आईवडिलांचा प्रश्न असतो. खिळे, काटे, रक्त यांचं वर्णन चार वर्षांच्या मुलापुढे लांबवण्याची गरज नाही. शुभवर्तमानांनीही ते लांबवलेलं नाही, ‘त्यांनी त्याला क्रुसावर खिळलं’ एवढंच लिहिलं आहे. पण मरण लपवू नये, आणि मरणाची गोष्ट सांगून रविवारची उद्यावर ढकलू नये. एकाच बैठकीत दोन्ही सांगावं.

शिवाय चर्चकडे मुलांसाठी एक अशी रात्र आहे जी कुठल्याही वर्गापेक्षा मोठी शिक्षक आहे. शनिवारी रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, त्या वर्षाचे चार अंक, धूपाचे पाच दाणे, पाच जखमांचे. ती अंधारातून आत येते आणि एका ज्योतीवरून शेकडो हातांतल्या मेणबत्त्या पेटत जातात. अनेक शतकं हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जाई. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या दशकात तो पुन्हा रात्री आणला. झोप मोडते म्हणून आपण लहानांना घरी ठेवतो. ठेवू नये. मांडीवर झोपलं तरी चालेल, पण ज्योत हातात येईपर्यंत जागवावं.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे आणि तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. धर्मशिक्षणाचे वर्ग बहुतेक ठिकाणी शाळेच्या वर्षाबरोबर चालतात, जूनला सुरू, मार्चच्या सुमारास बंद. उपवासकाळ वर्गात येतो, क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानकं मुलांना पाठ होतात. ईस्टरपासूनचा पास्काकाळ तर उपवासकाळाच्या चाळीस दिवसांहून मोठा, ५० दिवसांचा, पण तो परीक्षा आणि मामाच्या गावात जातो. मुलाच्या मनात येशूचं दुःख चाळीस दिवसांचं आणि आनंद एका सकाळचा उरतो. सालेशियन संस्थेतल्या मंडळींनी पुनरुत्थानानंतरच्या चौदा प्रसंगांची ‘प्रकाशाची वाट’ रचली, व्हॅटिकनने २००१ च्या मार्गदर्शिकेत तिची दखल घेतली. सुट्टीत घरी, अंगणात, संध्याकाळी एकेक प्रसंग वाचायला ती उत्तम आहे.

कारण हे शिक्षण ज्या दिवशी उपयोगी पडतं तो दिवस आधी कळवून येत नाही. आजी जाते. २ नोव्हेंबरला सगळं कुटुंब मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातं आणि मूल विचारतं, “आजी कधी उठणार?” ‘आजी तारा झाली’ हे उत्तर आपल्या विश्वासाचं नाही. ‘आजी देवाकडे आहे’ हे खरं, पण अर्धं. प्रेषितांच्या विश्वासाच्या सूत्रात आपण शरीराचं पुनरुत्थान मानतो असं म्हणतो, तेही मुलाला सांगायला हवं: आजी आत्ता देवाजवळ आहे, आणि एक दिवस येशू तिलाही उठवेल, आपल्यालाही. कधी, ते आपल्याला सांगितलेलं नाही. ज्या मुलाने माळी वाटलेल्या येशूने मरियेला नावाने हाक मारलेली ऐकली आहे, त्याला आजीचं नावही येशूला माहीत असणार हे वेगळं सांगावं लागत नाही.

जूनमध्ये वर्ग उघडतील तेव्हा पास्काकाळ बहुधा संपलेला किंवा संपत आलेला असेल. पण ३ जुलैला संत थोमाचा सण येतो, ज्याने जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हटलं. २२ जुलैला मग्दालिया मरियेचा, ज्याला पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. पुनरुत्थानाचे दोन साक्षीदार, ऐन पावसाळ्यात, वर्ग भरलेला असताना. पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम या दोघांपासूनच सुरू करता येईल.