समन्स काकाच्या नावाचं असेल तर?

बांधाचा वाद, वाटणी, तारखा. निंबर्ग्याहून आळंद-कलबुर्गीच्या कोर्टात चकरा मारणारी माणसं आपण लहानपणापासून पाहतो. मात्र त्याच कोर्टात नोकरीच्या मुलाखतीला जायचं म्हटलं की आपल्या मुलांचे पाय लटपटतात.

माझा एक विद्यार्थी समन्स बजावणाऱ्याच्या, म्हणजे बेलीफाच्या जागेसाठी गेला होता. त्याला विचारलं, "समन्स तुझ्या काकाच्या नावाचं असेल तर?" तो गप्प झाला. घरात वडील आणि काकांचा जमिनीचा दावा खरोखरच चालू होता! थोड्या वेळाने म्हणाला, "बजावीन." लगेच पुढचा प्रश्न, "त्यांनी घेतलं नाही तर?" "परत आणीन." तिथेच गाडी अडली.

यात पाठांतर उपयोगी पडत नाही, कामाची माहिती लागते. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 5 मुलांनी एकदा तरी वाचावा. समन्स घ्यायला किंवा सही करायला नकार दिला, तर नियम 17 प्रमाणे त्याची प्रत घराच्या दर्शनी दारावर चिकटवायची. घर कोणी दाखवलं, प्रत कोणासमोर लावली, हे नावांसह लिहून मूळ समन्स कोर्टाला परत करायचं. माणूस घरी नाही आणि लवकर येण्याची शक्यताही नाही, तर नियम 15 प्रमाणे सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे देता येतं, मग ती बाई असो वा पुरुष. घरगडी मात्र कुटुंबात धरत नाहीत. हा बारकावा कित्येक पदवीधरांना ठाऊक नसतो.

काकाच्या प्रश्नाला माझ्या मते सरळ उत्तर असं: "नातं आहे हे आधी नाझरसाहेबांना सांगेन. तरीही काम मलाच दिलं तर नियमाप्रमाणे बजावीन." नातं लपवू नये, शौर्यही दाखवू नये.

दुसरा नेहमीचा प्रश्न भाषेचा. "घरी मराठी, मग कन्नडचं काय?" आपली मुलं इथे उगाच अपराध्यासारखी मान खाली घालतात. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, सीमा ठरली, पण घरातली बोली कशी बदलणार? घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड, असं मोकळेपणाने सांगावं आणि समोरचा कागद वाचून दाखवावा. अर्थात तो वाचता आला पाहिजे! रोज कन्नड वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचा. हाताने लिहिलेले जुने कागदही वाचायची सवय करा.

371 (जे) कलमाखालचा दाखला मात्र फाइलमध्ये आधीच ठेवा, ऐनवेळी धावाधाव नको.

तो मुलगा आता पुन्हा अर्ज भरतोय. परवा त्याच्या आईने चहा देताना विचारलं, "खरंच काकाचं समन्स आलं तर रे?"

"आधी नाझरसाहेबांना सांगेन," तो म्हणाला. आई काही बोलली नाही, कप उचलून आत गेली.