निशाण म्हणजे खूण

आमच्या गावच्या दिंडीसाठी नव्या पताका शिवायच्या होत्या. कापड स्वस्त आणि शिवणाराही तिथेच मिळतो, म्हणून मी उल्हासनगर गाठले. विठ्ठलवाडी स्टेशनवर उतरलो आणि कॅम्प ४ मधल्या एका लहानशा दुकानात शिरलो. दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ होते.

"किती झेंडे पाहिजेत, साईं?" त्यांनी विचारले.

"झेंडे नव्हेत, पताका हव्यात," मी म्हणालो.

ते हसले. "कापड तेच, काठी तीच. मग नाव निराळं कशाला?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता येईना. पताका शिवून होईपर्यंत तासभर बसलो आणि त्याच प्रश्नाचा विचार करीत राहिलो. त्या तासात जे आठवले आणि पुढे घरी कोश उघडून जे ताडून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला शब्द तर त्या गावाच्या पत्त्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या ९० हजारांवर निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. फौज कधीच गेली, पण पत्त्यात 'कॅम्प' आणि 'बॅरेक नंबर' आजही लिहितात. सैन्य उठून जाते आणि त्याचे शब्द मागे राहतात. निशाणांच्या शब्दांचेही तसेच झाले आहे.

'ध्वज' हा शब्द संस्कृतातला. रथ कोणाचा हे दुरून ओळखू यावे म्हणून काठीवर चिन्ह असे. अर्जुनाच्या रथावर वानर, म्हणून तो कपिध्वज. विष्णू गरुडध्वज, तर शंकर वृषभध्वज. वृषभ म्हणजे आपला बैलच! 'केतू' म्हणजेही ध्वज. धूर हाच ज्याचा ध्वज, तो धूमकेतू.

'पताका' हा शब्द 'पत्' म्हणजे उडणे या धातूवरून आला. रात्री कंदिलाभोवती घिरट्या घालणारा पतंगही त्याच कुळातला. वाऱ्यावर उडते ती पताका. वारकऱ्यांच्या खांद्यावर ती आली तेव्हा तिचे लढाईशी नाते सुटले, पण पुढे चालण्याचा मान मात्र कायम राहिला.

'निशाण' फारसीतून आले. त्याचा मूळ अर्थ खूण. 'निशाणी' आणि 'निशाणा' ही त्याचीच भावंडे. लष्करात पलटणीला जो मानाचा ध्वज मिळतो त्याला हिंदीत आजही 'निशान' म्हणतात आणि संचलनात तो घेऊन चालणाऱ्या तुकडीला 'निशान टोली'. गुरुद्वारासमोर उंच उभे असते ते निशाणसाहेब. शब्द एकच, पण छावणीतही आहे आणि देवाच्या दारीही आहे.

'जरीपटका' हा जोडशब्द. फारसीत 'जर' म्हणजे सोने, त्यावरून जरी आली. पटका म्हणजे डोक्याला किंवा कमरेला बांधायचे वस्त्र. मराठी फौजेत हा जरीचा पटका छत्रपतींकडून मानाने सरदाराला मिळे. नागपुरात याच नावाची मोठी वस्ती आहे आणि योगायोग असा, की तिथेही सिंधी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात.

'झेंडा' म्हटले की अटक आठवते. १७५८ साली रघुनाथरावांच्या मोहिमेत मराठी फौजा सिंधू नदीकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या. तेव्हापासून मोठे काम केले की 'अटकेपार झेंडा लावला' असे आपण म्हणतो. हीच सिंधू पुढे खाली सिंध प्रांतात जाते. त्या नदीचे नाव लावणारी माणसे आज आपल्या उल्हास नदीच्या काठी राहतात.

आता बायकांच्या कानांवर नेहमी पडणारा एक शब्द. 'ढाल' म्हणजे वार अडवायची ढाल, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जुन्या मराठीत फौजेच्या मोठ्या निशाणालाही ढाल म्हणत. ती ढाल पाहून फौज कूच करी आणि ती थांबली की मुक्काम पडे. जो हत्ती ती घेऊन चाले तो 'ढालगज'. म्हणजे शब्द केवढ्या मानाचा! आणि आज तो उरला आहे कशात, तर 'ढालगज भवानी' या टोमण्यात. चारचौघांत धीटपणे बोलणाऱ्या एखाद्या सुनेला कोणी तसे म्हणालेच, तर तिने खाली मान घालू नये. सगळी फौज ज्याच्या मागे चालायची, त्याचे नाव तिला मिळाले आहे.

'बावटा' हा शब्द कष्टकऱ्यांनी आपलासा केला. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले ते किसान सभेच्या लाल बावट्याखाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या सोबत होते. आणि 'गुढी' तर आपल्या अंगणातलीच. ज्ञानेश्वरीतही हा शब्द आहे. विजयाची आणि आनंदाची खूण म्हणून आपण ती दर पाडव्याला उभारतो.

एवढे शब्द पाहिले, तेव्हा सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसली. निशाण म्हणजे खूण. लढाईत धुरळा उठला, आपला कोण, परका कोण कळेना, की शिपाई मान वर करून निशाण शोधी. ते दिसले की आपल्या माणसांत परत येई. वाट चुकलेल्याला घर दाखवणे हे निशाणाचे काम. फवारणी केलेल्या शेताच्या बांधावर लाल फडके लावा, असे आम्ही शेतकऱ्यांना सांगतो तेही याचसाठी. ज्याला ठाऊक नाही त्याने आणि त्याच्या गुरांनी जपावे.

हे सगळे लिहावेसे वाटले, त्यालाही एक कारण आहे. एका गावच्या जत्रेत कोणत्या आळीचे निशाण पुढे, यावरून भांडण झाले. ज्या काठ्यांना फडकी बांधली होती, त्याच काठ्या डोक्यांत बसल्या. त्या वर्षी दोन्ही आळ्यांनी सामाईक विहिरीवरचा मोटारपंप दुरुस्त केला नाही आणि दोघांचाही रब्बी हरभरा पाण्यावाचून करपला. खूण भांडणाचे कारण झाली, की ती खूण राहत नाही, नुसती काठी उरते.

पताका घेऊन निघताना मी दुकानदारांना म्हणालो, "कापड एकच असलं, तरी नावं निराळी. कारण प्रत्येक नाव कोणाच्या तरी वाटेवरून आलं आहे."

ते म्हणाले, "साईं, आम्हीही एका वाटेवरूनच आलो." आणि दहा पताकांच्या पैशात त्यांनी अकरावी घडी करून वर ठेवली.

दिंडीत ती अकरावी पताका आम्ही सर्वांत पुढे धरली. यंदा ती कोणाच्या आळीची, हे कोणी विचारले नाही.