आधी घर समजून घेऊ या

पालकांना सल्ला देणाऱ्यांची महाराष्ट्रात आज वाण नाही. शहरांत कार्यशाळा भरतात, अंगणवाड्यांत पालक मेळावे होतात, मोबाइलवर रोज नव्या सूचना येतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या 'नवचेतना' आराखड्यात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३६ महिन्यांचं वेळापत्रक आणि १४० कृती आहेत. पण हे सगळं ज्या पालकासाठी लिहिलं जातं, तो कोण असतो? बहुतेक वेळा तो चौकोनी कुटुंबातला असतो. त्याच्या घरात पुस्तकं असतात, संध्याकाळचा तास मोकळा असतो आणि तो प्रमाण मराठी बोलतो. मेळघाटातली कोरकू आई, ऊसतोडीला जाणारं जोडपं, दिवसभर नातवंडं सांभाळणारी आजी या चौकटीत बसत नाहीत. त्यांच्यापर्यंत सल्ला पोचलाच, तर 'तुमचं चुकतंय' एवढंच त्यांना ऐकू येतं.

याच महाराष्ट्रात गेल्या ऐंशी वर्षांत काही कामं मात्र घराघरांत रुजली. त्यांनी आधी घर समजून घेतलं, मग तोंड उघडलं. त्या कामांचा हा आढावा.

अंगणात आणि कुरणात

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. दलित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी आणि मातीने घेतली. मुलांना न्हाऊ घालणं, केस विंचरणं हेही शिक्षणातच धरलं होतं आणि ते वस्तीच्या डोळ्यांदेखत चालत होतं. आईला वेगळं व्याख्यान देण्याची गरज उरली नाही.

पुढे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात. 'मुलांना कामाला लावू नका' असं आईबापांना सुनावणं सोपं होतं, पण त्या गुरांवर घर चालत होतं. म्हणून शाळाच कुरणात गेली. कुरणशाळेने पालकांची अडचण खरी मानली आणि म्हणूनच पालकांनी शाळा आपली मानली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. तिच्याबरोबर पोषण आहार आला, लसीकरण आलं, आणि नोंदवह्यांचा ढीगही आला. घरी टेकून बोलायला सेविकाताईंकडे निवांत वेळ उरला नाही, ही या विस्ताराची मोठी किंमत आहे.

गडचिरोलीचे मणी

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत केलेलं काम आरोग्याचं म्हणून ओळखलं जातं. मला ते पालकांच्या शिक्षणाचंही वाटतं. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे त्याचे श्वास मोजून कळतं. पण गावातल्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन तयार झालं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर आजार ओळखायचा. दाईला निरक्षर म्हणून बाजूला न सारता तिच्या हाताच्या कौशल्याला विज्ञान जोडलं गेलं.

नवजात बाळाची घरच्या घरी काळजी हा पुढचा टप्पा. ३९ गावांतल्या आरोग्यदूत बाया बाळंतिणीच्या घरी जात. बाळाला ऊब कशी द्यायची, अंगावर लवकर का पाजायचं, धोक्याची खूण कोणती, हे आईबरोबर सासूलाही समजावत. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि २०११ मध्ये देशाच्या मार्गदर्शक सूचना तयार झाल्या. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळंतपण घरी झालं असेल, तर पहिल्या दिवशीही. या भेटीत नुसतं वजन लिहून घ्यायचं, की घराचं ऐकायचं, यावर तिचं मोल ठरतं.

शहरातला संवाद

मध्यमवर्गाचीही स्वतःची संस्कृती आहे: गुणांची धास्ती, इंग्रजी शाळेची ओढ, आज्ञाधारकपणाचं कौतुक. पुण्यात १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'पालकनीती' मासिकाने या वर्गाशी त्याच्याच भाषेत वाद घातला. मार आणि धाक, स्पर्धा, लैंगिकता, धर्म, जात असे घरात टाळले जाणारे विषय त्याने पालकांसमोर मांडले. शोभा भागवत यांनी गरवारे बालभवनात पालकांना मुलांच्या खेळाकडे आदराने पाहायला शिकवलं. उपदेशापेक्षा संवादाने पालक बदलतो, हे या दोन्ही कामांनी दाखवून दिलं.

कोयत्याचं घर

खरी कसोटी आहे ती ऊसतोडीच्या कुटुंबांची. बीडसारख्या जिल्ह्यांतून नवराबायको मुकादमाची उचल घेऊन निघतात. दोघं मिळून एक कोयता. पहाटेपासून फडात असलेल्या आईला 'रोज मुलाला गोष्ट वाचून दाखवा' हे सांगणं क्रूर आहे. तिला हवं आहे फडाजवळ पाळणाघर आणि पाणी. गावात मागे राहिलेल्या मुलांना हवं आहे चांगलं हंगामी वसतिगृह, आणि त्यांना सांभाळणाऱ्या आजीआजोबांना आधार. साखर कारखान्यांजवळ भरणाऱ्या साखरशाळांनी मुलांच्या शिक्षणाची वाट थोडी मोकळी केली, पण तान्ह्या बाळांचा प्रश्न उरलाच. मजुरी आणि वेळ यांचा विचार न करता दिलेलं पालकत्वाचं शिक्षण गरिबीचा दोष आईच्या माथी मारतं.

आदर आणि स्पष्टपणा

घराची रीत समजून घेणं म्हणजे प्रत्येक रीतीपुढे मान तुकवणं नव्हे. चीक पिळून टाकणं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल म्हणून गरोदर बाईने कमी खाणं, घरातल्या सुनेने सगळ्यांत शेवटी जेवणं, पोरीचं लवकर लग्न लावणं: यांना ठाम विरोधच हवा. पण तो घरातून उभा राहिला तरच टिकतो. पोषण अभियानात अंगणवाड्यांमध्ये डोहाळेजेवण आणि अन्नप्राशन साजरं होतं, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ओळखीच्या सोहळ्यात सासू, जाऊ, शेजारीण एकत्र येतात आणि गरोदरपणी काय खावं याची चर्चा चारचौघींत होते. बाप मात्र अजून या मांडवाबाहेरच आहे. त्याला आत आणणारा कार्यक्रम संध्याकाळी, त्याच्या कामाच्या वेळेनंतर ठेवावा लागेल.

ताराबाईंपासून आशाताईंपर्यंतच्या या वाटचालीतून पुढची कामं स्पष्ट दिसतात. अंगणवाडीतलं साहित्य कोरकू, माडिया, गोंडी, वारली, पावरी भाषांत, त्या भाषा बोलणाऱ्या बायकांनीच तयार करावं. अंगाई, ओव्या, माती-बियांचे खेळ, आजीच्या कहाण्या यांची गावागावांत नोंद व्हावी आणि 'नवचेतना'च्या १४० कृतींच्या यादीत त्यांना जागा मिळावी. सेविका आणि आशा यांचं नोंदींचं ओझं कमी करून गृहभेटीचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरावा आणि त्याचं वेतन द्यावं. साखर कारखान्यांवर पाळणाघरं बंधनकारक करावीत. आणि प्रत्येक पालक मेळाव्याचा पहिला अर्धा तास पालकांनी बोलावं, अधिकाऱ्यांनी ऐकावं. मुलाला वाढवायचं ज्ञान आपल्याकडेही आहे, हे ज्या आईला जाणवतं, तीच नवं ज्ञान विश्वासाने घेते.