लेबर इझन्ट वर्किंग

‘लेबर इझन्ट वर्किंग’ हे ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे १९७८ मधील प्रचार-भित्तिपत्रक होय. देशाविषयीच्या निराशेवर मते मागणाऱ्या प्रचाराचे ते ठळक उदाहरण मानले जाते. साची अँड साची या जाहिरातसंस्थेने ते तयार केले. बेरोजगार कार्यालयाबाहेरची नागमोडी रांग त्यात दिसते. मजूर पक्ष निष्प्रभ ठरला आणि मजुरांना काम नाही, असे दोन्ही अर्थ या घोषवाक्यातून निघतात. रांगेतील माणसे मात्र बेरोजगार नव्हती. ते हुजूर पक्षाचेच कार्यकर्ते होते. पुरेसे लोक न आल्याने त्यांचीच छायाचित्रे पुन्हा पुन्हा जोडून रांग लांबविण्यात आली. अर्थमंत्री डेनिस हीली यांच्या टीकेने भित्तिपत्रकाला उलट अधिकच प्रसिद्धी मिळाली. पुढील हिवाळ्यातील संपांनी ही निराशा बळावली आणि मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर विजयी झाल्या. तेव्हा १५ लाखांच्या आसपास असलेली बेरोजगारांची संख्या १९८२ मध्ये ३० लाखांवर गेली.